आम्हाला काल्पनिक जगांची स्पर्धा भरवायची आहे. भरवावी का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात

पत्र सांगलीतल्या एका तरुण वाचकाचं आहे. ते आणि त्यांचे मित्र दर रविवारी एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत जमून टेबलटॉप रोलप्लेइंग गेम खेळतात. एकजण गेम मास्टर होतो. तो जग उभं करतो, समोर काय दिसतंय ते सांगतो. बाकीचे आपापलं पात्र घेऊन त्या जगात वावरतात, आणि जिथे काय होईल ते ठरत नाही तिथे फासे टाकतात. आजवर खेळलेली सगळी जगं इंग्रजी पुस्तकांतली. म्हणून आता सांगली, मिरज, कुपवाड परिसरासाठी एक खुली स्पर्धा घ्यायचं त्यांच्या मनात आहे. खेळता येईल असं स्वतःचं फॅन्टसी जग, म्हणजे सेटिंग, लिहून पाठवायचं.

नियमावलीचा कच्चा खर्डाही त्यांनी जोडला आहे. किमान तीस पानं, नकाशा सक्तीचा, इंग्रजी फॅन्टसीतले नेहमीचे एल्फ, ड्वार्फ, ड्रॅगन आणि पुराणातली पात्रं बाद, पहिलं बक्षीस २५ हजार रुपये. पैसे द्यायला ओळखीतले एक व्यावसायिक तयार आहेत, पण आलेल्या सगळ्या प्रवेशिकांचे हक्क त्यांना हवेत, कारण पुढे मोबाइल गेम काढायचा आहे. सोबतचा आयोजक मित्र स्वतःही भाग घ्यायचं म्हणतोय. मराठीत की इंग्रजीत, यावरून ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. वाचनालयाच्या समितीतल्या एका ज्येष्ठांनी फासे पाहून "हा जुगार तर नाही ना?" असं विचारलं. "आणि एवढं करून पाचच प्रवेशिका आल्या तर सगळ्या गावात नाचक्की," असं म्हणून ते विचारतात, "घ्यावी का नाही?"

उत्तर

नमस्कार.

घ्या. अगदी जरूर घ्या. फक्त सोबत पाठवलेली नियमावली आहे तशी लावू नका.

तुमच्या पत्राच्या मध्यावर एक वाक्य आहे, "आमच्या टेबलावर आमचं स्वतःचं काहीतरी यावं." मला वाटतं, स्पर्धेचा सगळा हेतू या एका वाक्यात आला. पण नियम लिहायला बसलात तेव्हा ते मागे पडलं आणि मोठी स्पर्धा कशी दिसते याचा विचार पुढे आला. पानं जास्त, बक्षीस जास्त, अटी कडक, म्हणजे स्पर्धा भारदस्त, अशी एक समजूत त्या नियमांखाली आहे. तीच आधी तपासून पाहू.

तीस पानांचं घ्या. कुपवाडच्या एमआयडीसीत शिफ्टमध्ये काम करणाऱ्या मुलाच्या डोक्यात सुंदर जग असू शकतं. मिरजेत नर्सिंग शिकणाऱ्या मुलीच्या डोक्यातही असेल. पण त्या दोघांनी कधी काढायची तीस पानं? ती काढू शकेल असा माणूस बहुधा आधीपासून लिहिणारा, वेळ असणारा, इंग्रजी सेटिंगची जाडजूड पुस्तकं वाचलेला असेल, आणि त्या पुस्तकांसारखंच लिहील. राजांची वंशावळ, हजार वर्षांचा इतिहास, सात राज्यांची सात चलनं. तुम्हाला नेमकं ज्याचा कंटाळा आला होता, तेच दारात येईल.

वाचणाऱ्यांच्या बाजूनंही हिशोब करा. चाळीस प्रवेशिका आल्या तर बाराशे पानं होतात. प्रत्येक प्रवेशिका निदान दोघांनी वाचायला हवी, म्हणजे चोवीसशे. नोकरी-कॉलेज सांभाळून हे कोण वाचणार? पहिल्या पाच नीट वाचल्या जातील, मग चाळल्या जातील, आणि शेवटच्या दहांना कुणी हातही लावणार नाही. स्पर्धा जाहीर करणं म्हणजे पाठवलेलं सगळं वाचू, असा शब्द देणं असतं. बक्षीस कमी असलं तर कुणाला फारसं वाईट वाटत नाही. आपलं लिखाण कुणी वाचलंच नाही हे कळलं, की तो माणूस परत लिहीत नाही. लेखनस्पर्धांत मी हे होताना पाहिलं आहे, म्हणून इतक्या आग्रहानं सांगते आहे.

या खेळाच्या दुनियेतली सगळ्यांत गाजलेली अशी स्पर्धासुद्धा एका पानानेच सुरू झाली होती. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेत आला, हे तुम्हाला माहीत असेलच. पुढे २००२ मध्ये त्याच्या मालक कंपनीने, 'विझार्ड्स ऑफ द कोस्ट'ने, नव्या सेटिंगचा खुला शोध घेतला. पहिल्या फेरीत प्रत्येकाकडून एकच पान मागवलं. सुमारे ११ हजार प्रस्ताव आले. त्यातून अकरा निवडून त्यांच्याकडून दहा-दहा पानं घेतली, आणि शेवटी उरलेल्या तिघांनीच शंभराहून जास्त पानांचं काम केलं. किथ बेकर यांचं 'एबेरॉन' जिंकलं आणि २००४ मध्ये छापून आलं. एवढी पैसेवाली कंपनीही आधी एकच पान मागत असेल, तर आपण तीस का मागावीत? २००९ साली सुरू झालेली 'वन पेज डंजन' स्पर्धा तर पूर्णपणे एका पानावरच चालली, आणि तिथे आलेल्या प्रवेशिका क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याखाली, म्हणजे ठरलेल्या अटी पाळून कुणीही वापराव्यात अशा, सर्वांना खुल्या झाल्या. हौशी लोकांनी चालवलेली ही स्पर्धा तुम्हाला जास्त जवळची वाटेल.

तेव्हा एक पान ठेवा. ए-फोर, एका बाजूने, हाताने लिहिलेलं चालेल. नकाशा ऐच्छिक. चित्र काढता न येणाऱ्याला नकाशाच्या सक्तीमुळे बाहेर ठेवायचं काही कारण नाही.

त्या पानावर काय मागायचं, यावर मात्र भरपूर वेळ घालवा. माझ्या मते सगळी स्पर्धा इथे ठरते. "तुमच्या जगाचं वर्णन करा" असं म्हटलंत, की लोक वर्णन करतील. खेळायला वर्णन पुरत नाही. खेळणाऱ्याला हातात काहीतरी करायला लागतं. म्हणून मी चार प्रश्न देईन. इथली माणसं सकाळी उठून काय करतात? कोणाला काय हवं आहे आणि ते कोण अडवतंय? रोज थोडं थोडं बिघडत चाललंय असं इथे काय आहे? आणि चार अनोळखी पात्रं आज संध्याकाळी इथे आली, तर रात्रीपर्यंत त्यांच्यासमोर काय येऊन पडेल?

तिसरा प्रश्न मला सगळ्यांत मोलाचा वाटतो, आणि सांगलीकरांना तो समजावून सांगावा लागणार नाही. पावसाळ्यात आपल्याकडे कुणीही कुणालाही भेटलं की पहिला प्रश्न असतो, "आयर्विनला पाणी किती?" म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी. चाळीस फूट ही इशारा पातळी, पंचेचाळीस ही धोका पातळी, हे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे, आणि २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या पुढे गेलेलं सगळ्यांनी पाहिलंय. आता असं एक जग घ्या, जिथे रोज पहाटे पुलावरचा माणूस एक आकडा ओरडून सांगतो, आणि त्या आकड्यावर गावातले कायदे बदलतात. पस्तीसला बाजार वरच्या गल्लीत जातो. चाळीसला सावकाराची वसुली थांबते. पंचेचाळीसला नदीतलं जे कोणी आहे, त्याला दार उघडावंच लागतं. गेम मास्टरला आणखी काय हवं? प्रत्येक सेशनच्या, म्हणजे खेळाच्या बैठकीच्या, सुरुवातीला फासा टाकायचा आणि पाणी चढवायचं. एवढ्या चार ओळीत आख्खं कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकी चालणारी सलग कथा, उभं राहतं, आणि त्यात एकही वंशावळ नाही.

किंवा हरिपूरची हळदीची पेवं घ्या. नदीकाठच्या मातीत खोल खणलेली, वरून अरुंद तोंडाची कोठारं. त्यांत हळद वर्षानुवर्षं राहायची, कीड न लागता. पेव उघडलं की लगेच आत उतरायचं नसतं, आतली हवा कोंडलेली असते. २००५ च्या महापुरात त्यांत पाणी शिरलं आणि बरीच पेवं कायमची बाद झाली. इंग्रजी पुस्तकांतली डंजनं, म्हणजे धोक्यांनी भरलेली तळघरं-भुयारं, खेळून कंटाळला असाल, तर आपल्या पायाखाली काय आहे ते बघा. हे दोन्ही नमुने मात्र नियमावलीत छापू नका. छापलेत तर अर्ध्या प्रवेशिका पुराच्या आणि अर्ध्या पेवांच्या येतील. जतच्या माणसाकडे पाण्याचा नाही, पाणी नसल्याचा अनुभव आहे. तासगावच्या माणसाला बेदाण्याच्या शेडवर ऐन वेळी आलेल्या पावसाची धास्ती ठाऊक आहे. ते त्यांच्या डोळ्यांनी येऊ दे.

यावरूनच तुमच्या बंदीच्या यादीकडे येते. एल्फ आणि ड्रॅगन बाद केलेत, तर लोक लांब कानांचा 'वनमानव' आणि पंखवाला 'अग्निसर्प' पाठवतील. यादीने नक्कल थांबत नाही, फक्त नावं बदलतात. उलट, ड्रॅगन घेऊन कुणी खरोखर वेगळं काही केलं असेल, तर ते आपल्यापर्यंत पोचणारच नाही. वेताळ, मुंजा, साती आसरा, वेशीवरचा म्हसोबा, गावोगाव उभ्या असलेल्या वीरगळी हे तर आपलं सगळ्यांचं सामायिक भांडार आहे. त्यातून घ्यायला बंदी घालून आपण आपलीच पोती बांधून ठेवू. मी यादी काढून टाकेन आणि परीक्षकांना एक प्रश्न देईन: यातली कोणती गोष्ट मी याआधी कुठे पाहिलेली नाही?

एक अट मात्र हवीच, आणि ती तुमच्या खर्ड्यात नाही. जन्मानेच दुष्ट, चोर किंवा क्रूर असलेली जमात कुणी लिहू नये. फॅन्टसीत ही फार जुनी सवय आहे, ऑर्क, म्हणजे या कथांतला ठरलेला राक्षसी शत्रू, म्हटला की कापा. हा खेळ खेळणारे जगभरातले लोकही अलीकडे त्यावर गंभीरपणे बोलू लागलेत. आपल्याला तर याची खरी किंमत माहीत आहे. इंग्रजांनी १८७१ मध्ये कायदा करून आख्ख्या जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवलं. पुढे तो कायदा आपल्या भागातही आला, आणि १९५२ मध्ये देशभरातून रद्द झाला. त्या जमातींना आपण आज विमुक्त म्हणतो, आणि त्यांच्या घरातली मुलं तुमच्या टेबलावर येऊन बसू शकतात. त्यांनी बसावं असं वाटत असेल, तर खेळातल्या जगात कुणी जन्माने गुन्हेगार नसावा. खऱ्या ऐतिहासिक व्यक्ती, संत आणि पूजेतली दैवतं यांना शत्रू म्हणून उभं करू नये, हेही एका ओळीत लिहा आणि पुढे चला.

अंतिम फेरी टेबलावर घ्या. निवडलेली तीन पानं तीन गेम मास्टरांना द्या, त्यांतला एकही त्या पानाचा लेखक नको. एक आठवडा तयारीला. मग तीन तासांचं सेशन, चार खेळाडू, आणि लेखक मागे खुर्ची टाकून गप्प बसेल. मध्ये बोलायचं नाही, चुकतंय म्हणून सांगायचं नाही. दुसऱ्याच्या हातात ते जग चालतं का, हे एवढ्याने कळतं. गुणांचा तक्ता भरत बसण्यापेक्षा सेशननंतर खेळाडूंना विचारा, "पुढच्या रविवारी इथे परत आलात तर काय कराल?" चौघांनी चार वेगवेगळी उत्तरं दिली आणि चौघंही एकमेकांचं तोडून बोलायला लागले, की तुमचा निकाल लागला. विजेत्याच्या जगात तुमच्या ग्रुपने पुढचे तीन महिने खेळायचं, हे पहिलं बक्षीस जाहीर करा. आपण कल्पिलेल्या गल्लीतून अनोळखी माणसं चालताहेत हे ऐकण्यासाठीच तर हे लोक लिहितात.

आता त्या व्यावसायिकांची अट. ही मान्य करू नका. ते वाईट हेतूने मागताहेत असं मी म्हणत नाही, कदाचित त्यांना हीच रीत माहीत असेल. २००२ च्या त्या स्पर्धेतही कंपनीने अंतिम तिघांचे हक्क घेतले होते, पण त्यासाठी तिघांनाही भरपूर पैसे मोजले, आणि तरीही न जिंकलेली दोन जगं लोकांसमोर आलीच नाहीत. तुमच्याकडे तर पंचवीस हजारांत, तेही एकालाच देऊन, सगळ्यांचे हक्क मागितले जात आहेत.

कायद्याचं थोडं माहीत असू द्या. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे लिहिल्या क्षणी हक्क लेखकाचा होतो, नोंदणी लागत नाही, आणि तो त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. म्हणजे "प्रवेशिका पाठवली म्हणजे हक्क आमचे" असं पत्रकाच्या तळाशी बारीक अक्षरात छापणं योग्य तर नाहीच, कायद्यानेही लटपटतं आहे. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. दुसरी बाजू अशी की कायदा कल्पनेला संरक्षण देत नाही, ती ज्या शब्दांत मांडली त्या मांडणीला देतो. "पाण्याच्या आकड्यावर चालणारं गाव" ही कल्पना कुणीही वापरू शकतो. हे स्पर्धकांना आधीच सांगा, म्हणजे पुढे चोरीचे आरोप होणार नाहीत.

तुम्ही एवढंच मागा: हक्क लेखकाचे राहतील, आणि ग्रुपला हे पान एका पुस्तिकेत छापायची व आपल्या टेबलावर खेळायची परवानगी असेल. अठरा वर्षांखालच्या स्पर्धकाच्या अर्जावर पालकांची सही घ्या. त्या गृहस्थांना पुस्तिकेचा छपाईखर्च उचलायची विनंती करा, मलपृष्ठावर त्यांचं नाव द्या. एखादं जग आवडलं तर त्यांनी त्या लेखकाशी थेट बोलून वेगळा करार करावा. ते नाही म्हणाले, तर बक्षीस पाच हजारांचं ठेवा आणि वर्गणी काढा. प्रवेशशुल्क मात्र ठेवू नका.

भाषेच्या वादात मी तुमच्या बाजूची आहे, मराठीच ठेवा. टेबलावर तुम्ही काय बोलता ते आठवा. "मी दार हळूच ढकलतो, आत कोण आहे?" हे मराठीतच येतं. गेम मास्टरला इंग्रजी पानावरून मनातल्या मनात उलथापालथ करत बोलावं लागतं, तिथे निम्मा रंग जातो. पण मराठी म्हणजे प्रमाण मराठी, असं कुणाला वाटू देऊ नका. वाळव्याची, जतची, मिरजेच्या मोहल्ल्यातली, कशीही चालेल. जतकडच्या माणसाने गावांची नावं कानडीत दिली तर उत्तमच. इंग्रजीची बाजू घेणारे तुमचे मित्र म्हणतात की खेळाचे शब्द मराठीत नाहीत. ते बरोबर आहे, आणि त्याने काही अडत नाही. डाइस, लेव्हल, स्पेल तसेच लिहू द्या. लिहायला अवघड वाटणाऱ्याने बोलून रेकॉर्ड करून पाठवावं आणि तुमच्यातल्या कुणी ते उतरवून त्याला दाखवावं, अशी सोय ठेवलीत तर फारच छान. एआयकडून लिहून घेतलेलं चालेल की नाही, हेही आत्ताच ठरवून छापा. मी नाही म्हणेन, पण जे ठरवाल ते निकालानंतर ठरवू नका.

मित्राचा प्रश्न वाटतो तेवढा कठीण नाही. त्याला भाग घ्यायचाय हे चांगलंच आहे. खरं तर तुमच्या ग्रुपमधल्या बहुतेकांना घ्यायचा असणार, आणि तुम्हालाही. मग परीक्षक बाहेरचे आणा. एकांकिकांची परीक्षणं केलेलं कुणी, इतिहास शिकवणारे एखादे सर किंवा मॅडम, कोल्हापूर-पुण्याकडचा एखादा अनुभवी खेळाडू. जो भाग घेईल त्याने प्रवेशिकांना हात लावायचा नाही. नावं काढून क्रमांक टाकायचं काम न खेळणाऱ्या, न लिहिणाऱ्या एका व्यक्तीकडे द्या. वाचनालयाचे ग्रंथपाल तयार झाले तर यापेक्षा चांगलं काय? आणि परीक्षकांकडून प्रत्येक प्रवेशिकेवर दोन ओळी लिहून घ्या, एक आवडलेल्या गोष्टीची आणि एक पुढे काय करता येईल याची. त्या प्रत्येकाला पोचल्याच पाहिजेत.

समितीतल्या ज्येष्ठांवर रागावू नका. द्यूताची गोष्ट ऐकत वाढलेला माणूस फासे पाहून असं विचारणारच. पैसे लागत नाहीत, कुणी हरत नाही, हे सांगा आणि त्यांना एका रविवारी बसवा. त्यांना विष्णुदास भाव्यांची आठवण करून द्या. १८४३ साली याच गावात 'सीता स्वयंवर' झालं, तेव्हा सूत्रधार पदं म्हणून कथा पुढे न्यायचा आणि पात्रं आपले संवाद आयत्या वेळी स्वतः रचून बोलायची. राक्षसमंडळी 'अलल डुर्र' करत यायची. एकजण कथा चालवतो, बाकीचे त्या क्षणी सुचेल ते बोलतात, हा प्रकार सांगलीला नवा नाही. नाट्यपंढरीतल्या माणसाला हे पटेल, अशी माझी खात्री आहे.

पाचच प्रवेशिका आल्या तर? पाच खेळा. पाच रविवार, पाच नवी जगं. "एकही प्रवेशिका पहिल्या क्रमांकाच्या योग्यतेची नाही" असला निकाल चुकूनही लावू नका. संख्या वाढावी म्हणून स्पर्धेआधी दोन-तीन खुली सेशन्स घ्या, कारण सांगली-मिरजेत बहुतेकांनी हा खेळ कधी पाहिलेलाच नाही, आणि न पाहिलेल्या खेळासाठी जग कोण लिहील? वेळापत्रक पाऊस आणि परीक्षा बघून आखा. घोषणा गणेशोत्सव संपल्यावर, मुदत दिवाळीच्या सुट्टीनंतर एका आठवड्याने, अंतिम फेरी डिसेंबरात. फेब्रुवारीत बारावीवाले तुम्हाला मिळणार नाहीत. ५ नोव्हेंबरच्या आसपास रंगभूमी दिनामुळे नाटकवाले परीक्षक मोकळे नसतील, तेही लक्षात घ्या.

आणि घोषणा करण्याआधी, येत्या रविवारी खेळ बाजूला ठेवा. सगळ्यांनी मिळून ते चार प्रश्न समोर घ्या आणि तासाभरात प्रत्येकाने एक पान लिहा. मग पानं अदलाबदल करून, दुसऱ्याच्या पानावरून अर्धा तास गेम चालवून बघा. कुठला प्रश्न नीट विचारला गेलेला नाही, ते तिथेच कळेल. तो बदला, आणि मग पत्रक छापायला द्या.